ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करताय? आधी परतीची वाट तयार ठेवा

कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यात एक चौकट उघडते: नवी आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. बहुतेक जण सहा महिने 'नंतर' दाबतात आणि एक दिवस, नेमक्या कामाच्या घाईत, वैतागून 'आत्ता' दाबून मोकळे होतात. विचार दोन्ही वेळा केलेला नसतो.

माझ्या एका जुन्या फ्लॅटबेड स्कॅनरनं मला हे शिकवलं. विंडोज १० च्या ३२ बिट, म्हणजे जुन्या घडणीच्या, आवृत्तीवर तो वर्षानुवर्षं निमूट चालत होता. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही. नव्यानं इन्स्टॉल करावं लागतं. मी प्रोसेसर तपासला, रॅम तपासली, फाइली बाहेर काढल्या, डिस्क फॉरमॅट केली आणि ११ टाकली. सगळं झकास. तिसऱ्या आठवड्यात एक कागद स्कॅन करायची वेळ आली. केबल लावली, आवाज आला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला. स्कॅनरचा ६४ बिट ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमला ते उपकरण चालवू देणारं सॉफ्टवेअर, कधी निघालाच नव्हता. ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर सहसा चालतात, ३२ बिट ड्रायव्हर मात्र अजिबात चालत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी मशीन तपासत बसलो होतो, काम तपासलंच नव्हतं. आणि डिस्क फॉरमॅट केलेली, त्यामुळे मागे जायचा रस्ताही मीच बुजवला होता.

म्हणून पहिली चूक हीच: फक्त मशीनची पात्रता बघणं. त्याआधी एका कागदावर लिहा की या कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करता. रोजचं तर लिहालच, वर्षातून एकदा करायचंही लिहा. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारा प्रोग्रॅम, लेबल छापायचा प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन. प्रत्येकाच्या पुढे नव्या आवृत्तीचा ड्रायव्हर मिळतो का ते लिहा, आणि मिळत असेल तर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तर नक्कीच ठेवा. अपग्रेडनंतर वायफाय गायब झालं, तर ड्रायव्हर शोधायलाही इंटरनेट नसतं.

'चालतंय ना, मग कशाला?'

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या दिवशी कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, आणि गोंधळ इथेच होतो. मशीन तसंच चालतं, फक्त नव्यानं सापडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही. मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायच्या हल्ल्यात काय झालं ते आठवा. तो ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, सपोर्ट असलेल्या आवृत्त्यांसाठी मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट तर एप्रिल २०१४ मध्येच संपला होता, त्यामुळे तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर घाईघाईनं वेगळा पॅच काढावा लागला. दर वेळी अशी मेहेरबानी होईलच असं नाही.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, पण ती आपोआप लागू होत नाही, नावनोंदणी करावी लागते. ही मुदत तयारी करायला आहे, पुन्हा 'नंतर' दाबायला नाही. एक अपवाद मी मानतो. एखादं जुनं यंत्र चालवण्यापुरताच ठेवलेला, नेटवर्कला न जोडलेला कॉम्प्युटर असेल, तर त्याला हात लावू नका.

आता उलट टोकाची मंडळी. आवृत्ती बाहेर पडली की त्याच संध्याकाळी टाकायची घाई! ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज अपडेटनं काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइलीच उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला वाटप थांबवावं लागलं. उबुंटूवाले (उबुंटू ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत लिनक्स सिस्टीम) यात शहाणे. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जायचा निरोप ते पहिली दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत, म्हणजे काही महिने, पाठवतच नाहीत. हाच हिशेब आपणही ठेवावा.

'तुमचा पीसी पात्र नाही'

हा संदेश वाचून थेट नवा कॉम्प्युटर घ्यायला निघू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी तपासणी) चालू शकणारं यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करायची नवी पद्धत), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा. प्रोसेसर जुना असेल तर विषय संपला. तपासणी चुकवून इन्स्टॉल करायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच हाती लागेल का याची शंका. त्यापेक्षा लिनक्स बघा.

टीपीएम मात्र बऱ्याच मदरबोर्डांत असतो आणि नुसता बंद ठेवलेला असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या सेटिंगमध्ये, तो इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावानं सापडतो. तो चालू करा, काम झालं.

बूट मोडचं प्रकरण जास्त नाजूक आहे. कॉम्प्युटर 'लेगसी', म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या, मोडमध्ये असेल तर डिस्कची रचना बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन नुसतं 'यूईएफआय' निवडलं, की रिस्टार्टनंतर काळा पडदा आणि बूट करायला काही सापडत नाही असा संदेश. इथे पुष्कळ जण घाबरून फॉरमॅट करतात. अहो, डेटा जागेवरच आहे! मोड परत 'लेगसी' करा, विंडोज उघडेल. मग विंडोजमध्येच मिळणाऱ्या 'एमबीआर टू जीपीटी' या साधनानं डिस्कची रचना जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्या आणि त्यानंतरच यूईएफआय लावा.

पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. टीपीएमची किंवा बूटची सेटिंग बदलली की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. की मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल, तर ती आधीच कागदावर उतरवून घ्या. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बॅकअप आणि दहा दिवस

सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये टाकलं म्हणजे बॅकअप होत नाही. पुष्कळदा दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे असतात. क्लाउडवरचं सिंकही पुरत नाही, कारण इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. बाहेरच्या डिस्कवर अख्ख्या सिस्टीमची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या, त्यातली एखादी फाइल उघडून बघा आणि डिस्क काढून ठेवा.

थेट अपग्रेड केलं तर जुनी सिस्टीम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये राहते आणि सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांत मागे जाता येतं. जागा वाचवायला डिस्क क्लीनअपमध्ये तो फोल्डर पुसला की ही सोय गेली.

मशीन मंद आहे म्हणून अपग्रेड करणाऱ्यांना एकच सांगतो: हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या सिस्टीमनं जुनं मशीन सहसा पळत नाही, उलट धापा टाकतं.

मध्येच अडकलं तर

टक्केवारी तासभर हलली नाही तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर वीज तोडू नका. अपग्रेड फसून आपोआप जुन्या आवृत्तीवर आलं आणि कोडमध्ये 'सी१९००१०१' दिसलं, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. प्रिंटर, स्कॅनर, यूएसबी हब काढून फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर ठेवा, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस तात्पुरता काढा आणि पुन्हा करून बघा. '८००७००७०' दिसलं तर जागा कमी पडली आहे.

आणि सगळं सुरळीत झालं, तर तो कागद परत काढा. आठव्या दिवसाच्या आत यादीतलं एकेक काम खरोखर करून बघा: एक पान छापा, एक स्कॅन करा, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून गेल्या वर्षाचा रिपोर्ट काढा. काही अडलं आणि त्यावर उपाय नसेल, तर मागे जायला अजून दोन दिवस हातात असतात.