भातलावणीआधी: युरिया फोकायचा की गोळी खोचायची?

मृगाचा पाऊस धरला की तरवा (भाताची रोपं) पेरायचा आणि पुढे लावणीची धांदल, हे ठरलेलंच. खताचा निर्णय मात्र आत्ताच घ्या. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात फोकलेल्या (वरून विस्कटून टाकलेल्या) युरियातला बराच भाग पुढच्या सरीबरोबर खाचरातून उतरतो आणि वहाळाला (ओढ्याला) मिळतो.

म्हणून भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीतली (तुसाची राख, गिरीपुष्पाचा पाला, दोरीवरची लावणी आणि गोळी ही ती चार सूत्रं) युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी वापरा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवत लावणी करा. एका चुडात (एकत्र लावलेल्या जुडग्यात) दोन-तीनच रोपं. मग जवळच्या चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला सुमारे ६२५ गोळ्या लागतात, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो खत. चिखलात गाडलेलं नत्र हळूहळू सुटतं आणि मुळांनाच मिळतं. गोळी लावणीच्याच दिवशी खोचा. चिखल बसला की बोट आत जात नाही. बेणणी (तण काढणी) करताना गोळीच्या जागेवर पाय देऊ नका. या गोळीत पालाश (पोटॅश) नसतं, तेव्हा माती परीक्षणानुसार ते चिखलणीवेळी वेगळं द्या.

दोरीवर लावणी करायला वेळ जास्त लागतो, हे खरंच आहे. गावात माणसं मिळत नाहीत तिथे सगळं शेत एकदम करू नका, पाणी धरणारी एक-दोन खाचरं निवडा. बांध फुटका असेल तर आधी तो बांधा.

राब भाजण्यामागे, म्हणजे तरव्याच्या जागेवर पाला आणि शेण पसरून जाळण्यामागे, आपल्या वाडवडिलांचा हिशोब पक्का होता: तणाचं बी जळतं, राख मिळते. पण त्यासाठी दरवर्षी कवळं (झाडांच्या पालेदार फांद्या) तोडून डोंगर बोडके होतात आणि शेतात जिरायचं शेणही जळून जातं. त्याऐवजी भातगिरणीतल्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या मापाने गादीवाफ्यात मिसळा. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं. तण मात्र हातानेच काढावं लागेल.

चिखलणीआधी आठवडाभर गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फांद्या गुंठ्याला ३० किलोप्रमाणे खाचरात पसरा. पाला गळला की काड्या जळणाला घ्या. यंदा पाला नसेल, तर याच पावसात बांधावर गिरीपुष्पाच्या काठ्या रोवून ठेवा.