गर्द सोडण्याची गोळी सुरू करताना या चुका टाळा

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सोडवणारी पहिली गोळी घाईने घेऊ नका. सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

माझ्या धाकट्या भावाला टर्कीची, म्हणजे गर्द थांबली की होणाऱ्या त्रासाची, एवढी धास्ती, की दवाखान्यात जायच्या पहाटे पडवीमागे त्याने गुपचूप झुरका मारला. डॉक्टरांना सांगितलं, ‘कालपासून काही नाही.’ नऊ वाजता जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हीच गोळी, ठेवली आणि तासाभरात अंगावर काटा, उलट्या, जुलाब, पोटात पीळ. “ताई, विष आहे हे!” म्हणाला आणि पुन्हा पुडीकडे वळला.

गोळी विष नव्हती. मेंदूत गर्द जिथे चिकटते तिथेच ही चिकटते, जास्त घट्ट. पण तिचा जोर अर्धाच. अंगात गर्द असताना घेतली तर ती गर्दला हुसकावते आणि टर्की एकदम अंगावर येते. म्हणून गर्द किंवा कोडीननंतर (खोकल्याच्या काही औषधांत असतं ते) किमान १२ तास, बऱ्याचदा २४ तास थांबावं लागतं. मेथाडोनवर (गर्द सोडवायचं दुसरं औषध) असाल तर त्याहून जास्त. नुसतं घड्याळ बघू नका. जांभया, नाकाडोळ्यांना पाणी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, शहारे दिसू द्या. शेवटचा झुरका कधी मारला ते डॉक्टरांना खरं सांगा. तरीही त्रास उसळला तर पुडी नको, तडक डॉक्टरांकडे जा. त्यावर उपाय आहे.

दुसऱ्या खेपेला भाऊ आदल्या दुपारपासून थांबला. रात्र वाईट गेली. सकाळी गोळी घेतली आणि दुपारी स्वतःहून पेज मागितली.

गोळी गिळू नका, बरीचशी वाया जाते. मशेरी-तंबाखू थुंकून चूळ भरा, गोळी जिभेखाली ठेवा आणि विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, गप्प बसा. सोबत दारू किंवा मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या नकोत, श्वास बंद पडू शकतो. नालट्रेक्सोन हे वेगळं औषध आहे, ते गर्दचा असर अडवतं. गर्द सुटून सात ते दहा दिवस झाल्याशिवाय ते घेऊ नये.

आपल्याकडची आणखी एक चूक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी घरी, म्हणून औषध सुरू होतं. ऑगस्टात ट्रॉलर निघाला की सुटतं. तोवर शरीराची गर्द पचवायची सवय मोडलेली असते. जुन्याच मापाने गर्द घेतली तर जीव जातो. तेव्हा बोटीवर किती दिवस जाणार, गोळ्यांचं काय करायचं, हे ट्रॉलर निघायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे.