ग्रामीण कुटुंबाच्या गरिबीत पायाभूत सुविधांचा वाटा कसा तपासावा

गावात रस्ता, वीज आणि पाणी आहे का, हे विचारून घेतलेल्या माहितीवर गरिबीविषयी निष्कर्ष काढू नयेत. या तिन्ही प्रश्नांपुढे ‘हो’ अशी नोंद असलेल्या गावातही अनेक कुटुंबांच्या वाट्याला यांतले काहीच आलेले नसते. म्हणून सुविधेची नोंद कुटुंबनिहाय घ्यावी, आणि ती सुविधा दिवसाच्या कोणत्या वेळी, वर्षाच्या कोणत्या महिन्यात व किती खर्चात मिळते, हे त्याच नोंदीत यावे.

घरांची निवड करण्यापूर्वी संपूर्ण वस्ती पायी फिरून एक कच्चा नकाशा काढावा. सर्वेक्षक मुख्य रस्त्यावर वाहनातून उतरतात आणि तिथल्याच चार घरांत प्रश्नावली भरतात, ही चूक इतक्या सर्रास होते की तिच्यामुळे गरिबी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. ओढ्यापलीकडची, चढावरची आणि शेतात विखुरलेली घरे आधी नकाशावर मांडावीत, आणि मगच सगळ्या घरांतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी.

पाण्याच्या नोंदीवर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाण्यावर खर्च होणारे श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त निकषानुसार, सुधारित स्रोतातून, म्हणजे दूषित होणार नाही अशा बांधणीच्या स्रोतातून, पाणी आणण्यासाठी रांगेसह जाऊन येण्यास ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नसेल, तरच ती ‘मूलभूत’ सेवा ठरते. हा वेळ विचारून कळत नाही. परवानगी घेऊन पाणी आणणाऱ्या बाईबरोबर जावे. तिने रिकामी घागर उचलली की घड्याळ सुरू करावे आणि भरलेली घागर घरात टेकवली की थांबवावे. रांगेत ती किती वेळ उभी राहिली, पंपाला पाणी चढायला दांडा किती वेळा मारावा लागला, परतताना दम घेण्यासाठी ती कुठे थांबली आणि सोबत शाळेच्या वयाची मुलगी होती का, हे तिथल्या तिथे लिहावे. मग दिवसातील खेपांनी गुणावे. एका खेपेला ४० मिनिटे आणि दिवसाला ४ खेपा असतील, तर २ तास ४० मिनिटे केवळ पाण्यात जातात, आणि तेवढा वेळ त्या घराला मजुरीसाठी, शेतासाठी किंवा विश्रांतीसाठी उरत नाही.

विजेच्या बाबतीत खांब, जोडणी आणि पुरवठा या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. केनियाच्या पश्चिम भागातील एका अभ्यासात वीजवाहिनी जवळ असूनही सरासरी केवळ ५ टक्के ग्रामीण घरांत जोडणी आढळली. जोडणीचे ३५,००० शिलिंग शुल्क बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. पुरवठ्यासाठी, वीजसेवेची स्तरांत विभागणी करणाऱ्या जागतिक बँकेच्या बहुस्तरीय चौकटीतील तास उपयोगी पडतात: पहिल्या स्तरासाठी दिवसाला किमान ४ तास आणि त्यांपैकी संध्याकाळी १ तास वीज लागते, तर पाचव्या स्तरासाठी दिवसाला २३ आणि संध्याकाळी ४ तास. वीज आल्यावर घरातल्या कोणाचे कोणते काम हलके झाले, हेही विचारावे. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ग्रामीण विद्युतीकरणानंतर स्त्रियांचा रोजगार वाढल्याचे दिसले, कारण घरकामात जाणारा त्यांचा वेळ मोकळा झाला.

रस्त्यासाठी प्रचलित निर्देशांक बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण मोजतो. कुटुंबाच्या पातळीवर मात्र गेल्या पावसाळ्यात वाट किती दिवस बंद होती, त्यांपैकी किती दिवसांची मजुरी बुडाली आणि वाट बंद होईल या भीतीने घरात किती जास्त धान्य राखून ठेवावे लागले, हे विचारावे. निकाराग्वात पुराने तुटणाऱ्या गावांना पादचारी पूल मिळाल्यावर पूरकाळात मजुरीचे उत्पन्न घसरणे थांबले आणि शेतकरी खतावर अधिक खर्च करू लागले. वाट खात्रीची होताच शेतीचे निर्णयही बदलले. रस्त्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. इथिओपियातील १५ गावांच्या अभ्यासात बारमाही रस्त्यामुळे गरिबीचे प्रमाण ६.९ टक्केबिंदूंनी घटल्याचे आढळले, तर भारतातील ग्रामसडक योजनेच्या अभ्यासात मजूर शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, पण उत्पन्नात आणि मालमत्तेत मोठा फरक पडला नाही.

गरिबी मोजताना उत्पन्नाऐवजी उपभोग, म्हणजे घरात काय खाल्ले-वापरले गेले, हे विचारणे अधिक भरवशाचे ठरते, कारण हंगामी मजुरीचा आणि घरात खाल्लेल्या पिकाचा हिशेब उत्पन्नात नीट बसत नाही. इथे एक सापळा आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील उणिवा मोजणाऱ्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाच्या १० निर्देशकांत वीज, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाचे इंधन आधीच मोजलेले असतात. तोच निर्देशांक घेऊन ‘विजेमुळे गरिबी घटली’ असे म्हटले, तर एकच गोष्ट कारण आणि परिणाम अशा दोन्ही बाजूंना धरली जाते. शिवाय त्यात रस्ता मोजलेला नसतो, म्हणून रस्त्याची नोंद वेगळीच ठेवावी लागते.

सुविधा असलेल्या आणि नसलेल्या गावांची थेट तुलना करू नये, कारण रस्ता बहुधा आधीच बऱ्या स्थितीतील गावाकडे लवकर जातो. ज्यांचा रस्ता मंजूर आहे पण अजून झालेला नाही, अशी गावे तुलनेसाठी शोधावीत आणि काम सुरू होण्यापूर्वीच सर्वेक्षणाची पहिली फेरी पूर्ण करावी.

दुसरी फेरी त्याच घरांत घ्यावी, आणि दोन्ही फेऱ्यांत कोरडा हंगाम व पावसाळा असे दोन्ही काळ यावेत, कारण पाण्याची टंचाई एका हंगामात आणि वाटेची दुसऱ्या हंगामात दिसते. दुसऱ्या फेरीत एखाद्या घराला कुलूप आढळले, तर शेजारचे घर घेऊन रकाना भरू नये. ते कुटुंब केव्हा गेले, कुठे गेले आणि सगळे गेले की कोणी मागे राहिले, हे शेजाऱ्यांकडून लिहून घ्यावे, कारण नव्या रस्त्याने गाव सोडून गेलेली माणसेही त्या रस्त्याच्याच परिणामात मोडतात.