मोनार्डा: मुळाशी ओल, पानांत वारा

मोनार्डाचे रोप ओळखण्यासाठी फुलांची वाट पाहावी लागत नाही. कोवळी दांडी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच फिरवली की तिच्या चार कडा बोटांना लागतात, आणि पान चुरगळले की ओव्याची आठवण करून देणारा उग्र वास हातावर बराच वेळ राहतो. हे साम्य योगायोगाचे नाही, कारण ओव्याला त्याचा वास देणारे थायमॉल हे द्रव्य मोनार्डाच्या अनेक जातींच्या तेलातही असते. चौकोनी दांडी आणि समोरासमोर येणारी पाने ही तुळस व पुदिना यांच्या कुळाची खूण आहे. इंग्रजीतील ‘बी बाम’ या नावाने ही वनस्पती बागप्रेमींना अधिक परिचित असली, तरी लिनियसने १७५३ मध्ये दिलेले तिचे शास्त्रीय नाव सोळाव्या शतकातील सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांच्या स्मरणार्थ आहे.

मूळची उत्तर अमेरिकेची ही वनस्पती लावण्यापूर्वी आपल्या बागेला कोणती जात मानवेल हे ठरवावे, कारण पुढचे निम्मे यश या निवडीवर अवलंबून असते. लाल फुलांची मोनार्डा डिडिमा ही ओलसर ओढ्याकाठची रहिवासी असल्याने तिला माती सुकलेली खपत नाही. फिकट जांभळ्या फुलांची मोनार्डा फिस्टुलोसा मोकळ्या गवताळ माळांवर वाढते आणि थोडा कोरडेपणा सहज सोसते. या दोन्ही जाती बहुवर्षायू असून थंडीत त्यांचा वरचा भाग वाळतो आणि वसंतात मुळांपासून नवे फुटवे येतात. जिथे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक असतो, तिथे मोनार्डा सिट्रिओडोरा ही लिंबाच्या वासाची जात हंगामी फूलझाड म्हणून लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ती साधारणपणे एका वर्षातच आपला जीवनक्रम पूर्ण करते.

दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. दुपारचे ऊन फार प्रखर असेल, तर त्या वेळी थोडी सावली मिळणे हिताचे ठरते. जमीन पाण्याचा निचरा होणारी, पण ओल धरून ठेवणारी असावी आणि सामू (मातीचा आम्ल-अल्कलीपणा दाखवणारा पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला म्हणजे पुरे. वाफा वीतभर खोल खणून त्यात चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळावे आणि त्यानंतर खताच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. नत्र जास्त झाले की दांड्या उंच, लुसलुशीत आणि दुबळ्या वाढतात, फुलांच्या भाराने वाकतात आणि रोगालाही लवकर बळी पडतात.

बी अतिशय बारीक असते आणि रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरू नये. ओलसर मातीवर भुरभुरावे, तळहाताने हलके दाबावे आणि फवारणीने ओल टिकवावी. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. तथापि, संकरित वाणांच्या बियांपासून मूळ झाडासारखीच फुले येतील याची खात्री नसते. आवडलेला रंग हुबेहूब हवा असेल, तर कळ्या धरण्यापूर्वीच्या कोवळ्या शेंड्यांचे सुमारे १० सेंमी लांबीचे तुकडे ओलसर मातीत खोचून रोपे करावीत किंवा जुन्या झाडाचा गड्डा विभागून घ्यावा.

दोन रोपांमध्ये ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवावे. लावणीच्या दिवशी हा वाफा रिकामा आणि ओकाबोका दिसतो व मधली जागा भरून टाकण्याचा मोह अनावर होतो. मीही एका वर्षी त्या मोहाला बळी पडून रोपे जेमतेम एका फुटावर लावली. पहिल्या बहरात वाफा भरगच्च दिसला, आणि दुसऱ्या वर्षी फुले येण्याआधीच खालची पाने पांढरी पडू लागली. ही वनस्पती जमिनीलगत आडवे कोंब पसरवत स्वतःच जागा व्यापते, त्यामुळे मोकळी सोडलेली माती दोन वर्षांत आपोआप भरते.

पांढरी पडलेली ती पाने म्हणजे भुरी रोग, आणि मोनार्डाची खरी परीक्षा याच ठिकाणी असते. बहुतेक बुरशींना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो, पण भुरीच्या बीजाणूंना केवळ दमट, कोंडलेली हवा पुरते. म्हणूनच पाने कोरडी असूनही रोग येतो, आणि मुळाशी पाण्याचा ताण पडलेल्या झाडाला तर तो अधिक लवकर गाठतो. मुळाशी ओल आणि पानांत खेळता वारा या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे हाच यावरचा विश्वासार्ह उपाय आहे. आठवड्यातून एकदोनदा सकाळी बुंध्याशी भरपूर पाणी द्यावे, पालापाचोळ्याचे दोन बोटे जाड आच्छादन दांड्यांना चिकटू न देता पसरावे आणि वसंतात फुटवे वीतभर उंच झाले की त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश फुटवे जमिनीलगत कापून झुडूप विरळ करावे. ‘जेकब क्लाइन’ या लाल वाणात आणि ‘मार्शल्स डिलाइट’ या गुलाबी वाणात रोगाला तोंड देण्याची ताकद चांगली असते, मात्र दाटीत लावल्यास तीही अपुरी पडते. रोग आलाच तर धीर सोडू नये. भुरीने झाड सहसा मरत नाही. बहर ओसरल्यावर रोगट दांड्या जमिनीजवळ कापून बागेबाहेर टाकल्या की खालून स्वच्छ पाने फुटतात.

कीटकनाशकांची फवारणी मात्र कटाक्षाने टाळावी. फुलाचा गेंद मधूनच उमलू लागतो आणि नळीसारख्या बारीक फुलांचे कडे दिवसेंदिवस बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून एकाच गेंदावर कितीतरी दिवस मध मिळत राहतो. लाल जातीची नळी इतकी लांब असते की आखूड जिभेच्या मधमाशीला तळाचा मध सहजी मिळत नाही. तिथे हमिंगबर्ड आणि लांब जिभेचे भुंगे येतात. मधमाश्यांसाठीच लागवड करायची असेल, तर आखूड नळीची जांभळी फिस्टुलोसा लावावी.

सुकलेले गेंद पानांच्या पहिल्या जोडीपर्यंत कापत गेल्यास बहर लांबतो. पाने आणि पाकळ्या यांचा काढा करण्याची जुनी पद्धत आहे, आणि डिडिमाला त्यावरूनच ‘ओस्वेगो चहा’ असे नाव मिळाले. बर्गमॉट या तिच्या दुसऱ्या नावामुळे गैरसमज होतो, म्हणून सांगितले पाहिजे की अर्ल ग्रे चहातील बर्गमॉट हे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असते आणि त्याचा या रोपाशी संबंध फक्त वासातील साम्यापुरता आहे.

दोन-तीन वर्षांनी झुडपाचा मधला भाग विरळ आणि काष्ठमय होतो, तर कडेने कोवळ्या फुटव्यांचे कडे उभे राहते. वसंताच्या सुरुवातीला संपूर्ण गड्डा खणून काढावा, मधला जुना भाग निःसंकोच टाकून द्यावा आणि प्रत्येक तुकड्यावर तीनचार फुटवे व भरपूर मुळे राहतील असे बाहेरचे भाग वेगळे करून त्याच दिवशी लावावेत. विभागलेल्या रोपांना त्या वर्षी फुले कमी आली, तर खत वाढवू नये. मुळे जागा धरेपर्यंत त्यांना फक्त पाणी वेळेवर मिळाले पाहिजे.