से कॅथेड्रल कसे पाहावे

जुन्या गोव्यात आलेले बहुतेक पर्यटक आधी बॉम जेझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचे दर्शन घेतात आणि वेळ उरलाच, तर रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये दहा मिनिटे डोकावतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेकडे असल्याने सकाळचे कोवळे ऊन थेट त्या पांढऱ्या भिंतीवर पडते, आणि दुपारी समोरच्या मोकळ्या पटांगणातून चालणे जिवावर येते. पणजीच्या बसस्थानकावरून बस मिळते. अंतर सुमारे १० किलोमीटर आहे. शेजारचे पुरातत्त्व संग्रहालयही पाहायचे असेल, तर शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी ते बंद असते.

आत शिरण्याची घाई न करता आधी हिरवळीवर थोडे लांब उभे राहावे. इमारतीला डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. उजवीकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा असून तिच्या नादामुळे लोक तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकला तो दिवस, २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरिनच्या सणाचा होता, म्हणून हे कॅथेड्रल तिला अर्पण केलेले आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले मुख्य बांधकाम १६१९ मध्ये पुरे झाले.

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. देवळाच्या सवयीने आपले हात चपलांकडे जातात, पण येथे पादत्राणे काढावी लागत नाहीत. पुरुषांनी टोपी मात्र काढावी. छायाचित्रांविषयी दारावरील सूचना वाचावी. मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) चालू असेल, तर मागच्या बाकावर शांत बसावे, मध्येच फिरू नये, आणि शेवटाकडे लोक वेदीपुढे रांग लावतात तेव्हा प्रसाद वाटला जात आहे, असे समजून त्या रांगेत शिरू नये. ते संस्कारपूर्वक दिले जाणारे ख्रिस्तप्रसादाचे ग्रहण असून ते कॅथलिकांपुरतेच असते.

मधल्या वाटेने सरळ मुख्य वेदीपर्यंत जावे. वेदीमागच्या सोनेरी भिंतीवर सेंट कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत; एकेक चौकट सावकाश पाहिली, तरच तिचा छळ आणि शिरच्छेद यांची कथा उलगडते. परतताना दोन्ही बाजूंची चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनादालने, पाहावीत. त्यांपैकी एकात चमत्काराचा क्रूस आहे आणि तो वाढत गेला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या जागी कोणी डोळे मिटून उभे असेल, तर मोबाइल खिशात ठेवून थोडे थांबावे. दर दहा वर्षांनी झेवियर यांचे पार्थिव याच कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी आणतात (यापूर्वी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणले होते). अशा काळात ही वास्तू निवांत पाहता येईल, ही आशा सोडावी.

यानंतर रस्ता ओलांडून बॉम जेझसकडे जावे. तिच्या बाह्य भिंतींवरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकल्याने तेथे तांबडा जांभा उघडा दिसतो. तो पाहून मागे वळले, की से कॅथेड्रलच्या पांढऱ्या चुन्याखालीही हाच जांभा आहे, हे नीट ध्यानात येते.