लक्ष्मीपूजनाच्या रात्री देवयानी बघायची कशी

दिवाळीला गावी येणाऱ्या भाचरांना मी दरवर्षी सांगते, लक्ष्मीपूजनाची रात्र मला द्या. त्या रात्री अमावास्या, त्यामुळे चंद्र नाही. पावसानं धुतलेलं आभाळ. आणि दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा एक अफाट समूह, उत्तरेकडं अगदी वर आलेली असते. २५ लाख प्रकाशवर्षं दूर, तरी नुसत्या डोळ्यांना दिसते!

किनाऱ्यावर नको, तिथं फटाक्यांचा धूर रेंगाळतो. आमच्या गुहागरकडं आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर जातो. पायात बूट हवेतच, कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. बॅटरीला कंदिलातून उरलेला लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं बांधा. लाल उजेडानं अंधाराला सरावलेली नजर फारशी मोडत नाही. मोबाईल खिशात, आणि अर्धा तास नुसतं पडून राहा.

चटईवर उत्तरेकडं पाय करून झोपलात की डोक्यावर चार ताऱ्यांचा, भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल. त्याचा ईशान्येचा तारा उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला. तिथून ईशान्येकडं सरका. एक फिकट तारा सोडून पुढचा ठळक, किंचित तांबूस तारा धरा. आता पायांकडं शर्मिष्ठा हा तारकासमूह बघा, इंग्रजी एम अक्षरासारखी. तांबूस ताऱ्यावरून तिच्या रोखानं वळलात की दोन मंद तारे लागतात. दुसऱ्याच्या अगदी शेजारी धुरकट ठिपका आहे, तीच देवयानी. हात लांब करून मूठ धरली तर तांबूस ताऱ्यापासून मुठीएवढंही अंतर नाही.

रोखून बघू नका, नाहीशी होते. नजर जराशी बाजूला ठेवा, मग ती आपोआप उमटते. पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं, तासभर धडपडून मी रडकुंडीला आले होते.

१० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण असेल तर देवयानी पोह्यासारखी लांबट दिसेल. आपल्या आकाशगंगेबाहेरचं हे वेगळं विश्व आहे, हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून कळलं. त्यातला कळीचा तारा, ज्यावरून तिचं अंतर काढता आलं, त्यांना १९२३ च्या ऑक्टोबरात सापडला. आपल्या डोळ्यांत शिरणारा उजेड तिथून निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. पितरांना वाट दिसावी म्हणून आजी अंगणात आकाशदिवा टांगायची. सड्यावर पडलं की मला हमखास तो आठवतो.

त्या रात्री ढग आले तर भाऊबीजेला जा. तोवर बीजेची कोर लवकर मावळलेली असते.