एन्क्रिप्टेड शेअरिंग की एन्क्रिप्टेड बॅकअप? निवड कशी करावी

‘सगळं ड्राइव्हवर टाकून द्या, शेअरही होतं आणि बॅकअपही होतो’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ड्राइव्हचं फोल्डर फक्त सिंक होतं. लॅपटॉपवर फाईल डिलीट झाली की तिकडेही डिलीट होते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाईली अडकवणाऱ्या व्हायरसने) लॅपटॉपवरच्या फाईली कुलूपबंद केल्या, तर सिंक त्या बिघडलेल्या फाईलीच इमानेइतबारे वर पाठवतं. शेअरिंग आणि बॅकअप ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची सोयही वेगवेगळी करायला लागते.

पायरी १: फाईल कशासाठी आहे ते ठरवा. ही फाईल वर्षभराने तिथे असायला हवी का, एवढंच स्वतःला विचारा. सीएला द्यायचा फॉर्म १६ किंवा घरमालकाला द्यायचं आधार असेल, तर उत्तर ‘नको’, ते शेअरिंग. घरातले फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असेल, तर उत्तर ‘हवी’, तो बॅकअप. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा, पण एकाच सेवेवर सगळा भार टाकू नका.

पायरी २: किल्ली कुणाकडे आहे ते पाहा. ‘एन्क्रिप्टेड’, म्हणजे किल्लीशिवाय (गुप्त कोडशिवाय) वाचता न येणारं, हा शब्द प्रत्येक जाहिरातीत असतो. गुगल ड्राइव्हवरच्या साध्या खात्यातल्या फाईलीही एन्क्रिप्टेडच असतात, फक्त त्यांची किल्ली कंपनीकडे असते. ओळखायची खूण सोपी आहे. पासवर्ड विसरल्यावर ईमेलवर आलेल्या लिंकने तो बदलता आला आणि जुन्या सगळ्या फाईलीही उघडल्या, तर किल्ली तुमच्या एकट्याकडे नाही. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेझोरिट, मेगा या सेवांमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली फक्त तुमच्याकडे, कंपनीकडे नाही अशी सोय, मुळातच आहे. आयक्लाउडवर ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ नावाने मिळतं, पण स्वतः चालू करावं लागतं. ब्रिटनमधल्या नातेवाइकांना हा पर्याय सुचवू नका. तिथल्या सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने तो नव्या वापरकर्त्यांसाठी बंद केला. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सुरक्षित असतात म्हणून त्याचा बॅकअपही सुरक्षित असेल असं समजू नका. बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन २०२१ पासून उपलब्ध आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे ना हे पाहावं लागतं.

पायरी ३: शेअरिंग. लिंक बनवा, मुदत घाला, पासवर्ड लावा. लिंक ईमेलने पाठवा आणि पासवर्ड फोन करून सांगा. काम झालं की लिंक रद्द करा. मेगासारख्या सेवेत किल्ली लिंकमध्येच, # या चिन्हानंतर असते. ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवत नाही, म्हणून कंपनीला फाईल वाचता येत नाही. पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ती उघडता येते, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर ती टाकू नका. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही तो सुचेल, त्याला संरक्षण म्हणू नका. साध्या झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं दिसतात; सेव्हन-झिपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये नावंही लपवता येतात.

शेअरिंग सेवेत फाईल ‘ठेवून’ देऊ नका. मोझिलाने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘फायरफॉक्स सेंड’ ही उत्तम सेवा व्हायरस पसरवायला वापरली जाऊ लागली, म्हणून २०२० मध्येच बंद करावी लागली.

पायरी ४: बॅकअपचं साधन. रेस्टिक, डुप्लिकाटी किंवा आर्क या बॅकअप प्रोग्रॅमांपैकी एक घ्या. फाईली तुमच्या यंत्रावरच एन्क्रिप्ट होऊन मग क्लाउडवर जायला हव्यात आणि जुन्या आवृत्त्या शिल्लक राहायला हव्यात. सिंक होणारं फोल्डर एन्क्रिप्ट करणारं क्रिप्टोमेटर चांगलं आहे, पण त्याला बॅकअप म्हणू नका. फोल्डर सिंकमधून उडालं की तेही उडतं. पहिला अपलोड वेळ खातो. २० एमबीपीएसच्या अपलोडवर २०० जीबीला साधारण बावीस तास लागतात.

पायरी ५: किल्ली जपणं. माझी सगळ्यात जास्त ओढाताण इथेच झाली, आणि बहुतेक लेख ही पायरी ‘पासवर्ड जपून ठेवा’ एवढ्यावर उरकतात. शेअरिंगची किल्ली काम संपल्यावर निकामी झाली तर चांगलंच. बॅकअपची किल्ली मात्र लॅपटॉप, फोन आणि प्रसंगी तुमच्यापेक्षाही जास्त टिकायला हवी. खऱ्या एंड-टू-एंड सेवेत किल्ली गेली की फाईली गेल्या. कस्टमर केअरवाला कितीही भला असला तरी त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं.

खरा धोका विसरण्यापेक्षा गुंत्यात असतो. बॅकअपचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, मॅनेजर फोनमध्ये, त्याचा ओटीपी त्याच फोनच्या सिमवर, आणि फोन चोरीला गेलेला. म्हणून कागद-पेन घेऊन बसा आणि कल्पना करा: फोन नाही, लॅपटॉप नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी तुम्ही दुसऱ्याच्या घरी आहात. तिथल्या संगणकावरून तुमच्या फाईलींपर्यंत पोहोचायला काय काय लागेल ते क्रमाने लिहा. ज्या ओळीला ‘फोन’ हे एकच उत्तर असेल, तिथे दुसरी वाट तयार करा.

मग एक कागद छापा. त्यावर सेवेचं नाव, खात्याचा ईमेल, पासवर्ड, रिकव्हरी की (पासवर्ड गेला तर वापरायची किल्ली) आणि टू-फॅक्टरचे बॅकअप कोड (फोनवरच्या ओटीपीऐवजी चालणारे) हवेत. हाताने लिहू नका; शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांच्यातला फरक दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भावाबहिणीकडे. कागदाचा फोटो अजिबात काढू नका. तो गॅलरीत जातो, गॅलरी क्लाउडवर जाते, आणि मग एन्क्रिप्शनचा काही उपयोग राहत नाही. किल्लीचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवण्याचा सल्लाही घरगुती वापरासाठी वाईटच. एक तुकडा हरवला तरी सगळं जातं. खात्याला नॉमिनी लावतो तसं घरातल्या एका माणसाला कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. पासवर्ड बदललात तर त्याच दिवशी दोन्ही प्रती बदला.

आणि ‘बॅकअप झाला’ सांगणाऱ्या हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका. दुसऱ्या संगणकावर बसा, फक्त त्या कागदावरून लॉगिन करा, एखादं जुनं फोल्डर परत आणा आणि त्यातले फोटो उघडून पाहा. हे जमेपर्यंत तुमच्याकडे बॅकअप नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, हे पुन्हा करा.

पायरी ६: घरात एक प्रत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट केलेली एक हार्ड डिस्क घरी ठेवा, तिचा पासवर्डही त्याच कागदावर छापा. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअरही पोहोचतं.